मांटू की इग्रा?
घरात कुणाला टीबी निघाला की पुण्यात बाकीच्यांपुढे हा प्रश्न येतोच. दोन्ही चाचण्या जंतू शोधत नाहीत. आपल्या टी-पेशींना (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींना) तो ओळखीचा आहे का, एवढंच पाहतात. मांटूत हाताच्या कातडीत ट्यूबरक्युलिन (टीबीच्या जंतूपासून काढलेली प्रथिनं) टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी उठलेली कडक सूज बोटांनी चाचपून मोजतात. नुसती लाली धरत नाहीत. स्वस्त आहे, पण हडपसरहून पीएमपी बसने दुसरी खेप पडते, शिवाय बीसीजी लशीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्रात ईसॅट-६, सीएफपी-१० ही टीबीच्या जंतूची, पण बीसीजीत नसलेली प्रथिनं रक्तात मिसळून टी-पेशी सोडतात ते इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन मोजतात. खर्च जास्त. परवडत असेल तर मोठ्यांसाठी मी इग्राच सांगेन. जंतू सुप्त आहे की सक्रिय, हे मात्र दोन्हींतून कळत नाही. खोकला असेल तर थुंकीची तपासणी आणि एक्स-रे हवाच.