पद्मिनीच्या इंजिनासाठी घेतलेली मोजमापाची हत्यारं: आठ महिन्यांनंतर

माझ्या १९८४ च्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन खोललं तेव्हा तीन गोष्टी विकत घेतल्या: बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, मोजायला), मायक्रोमीटर (बाहेरचा व्यास मोजायला) आणि प्लॅस्टिगेजचं हिरवं पाकीट. इंजिन बांधून आठ महिने झाले, गाडी ३,८०० किमी फिरली. आता लिहायला हरकत नाही.

सगळ्यात स्वस्त वस्तूने सगळ्यात जास्त काम केलं. प्लॅस्टिगेज म्हणजे बेअरिंगमधला प्ले, म्हणजे मोकळी फट, मोजायची मेणासारखी बारीक तार. जर्नल (क्रँकशाफ्टचा जिथे पिस्टनचा रॉड बसतो तो गुळगुळीत भाग) आणि शेल (रॉडमधली बेअरिंगची अर्धगोल वाटी) कोरडे पुसायचे, तार क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायची, रॉडची कॅप पूर्ण टॉर्कने आवळायची आणि परत खोलायची. चपटी झालेली तार पाकिटावरच्या पट्ट्यांशी ताडून पाहायची. जितकी रुंद पसरली, तितका प्ले कमी. हिरवी तार ०.०२५ ते ०.०७६ मिमी दाखवते. मधे क्रँक अजिबात फिरवायची नाही. मी पहिल्याच दिवशी फिरवली, तार फरफटली, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

आमच्या मिस्त्रींना हा खेळ वाटला. शेलला तेल लावून त्यांनी रॉड हलवून दाखवला. "बघा साहेब, कसा मस्त बसलाय. त्यात मोजायचं काय?" पण तेलाचा थर बारीक प्ले झाकतो, हाताला काही कळत नाही. कोरड्यात मोजल्यावर तीन रॉड ०.०५ च्या आसपास आले, तिसऱ्या नंबरचा मात्र ०.०७६ च्या पट्टीवर. क्रँक तर नुकतीच दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड होऊन आलेली!

तारेची मर्यादाही इथेच कळली. ती जिथे ठेवली तिथलाच प्ले सांगते. दोष शेलचा की जर्नलचा, ते सांगत नाही. मायक्रोमीटर काटकोनात दोनदा लावला तर ०.०३ चा फरक. जर्नल अंडाकार घासला होता. ग्राइंडिंगवाला म्हणाला, "चालवा, बसेल." मी क्रँक उचलली, दुसरीकडे नेली, चारही रॉड जर्नल वीस थाऊ करून घेतले. शेलचा आधीचा सेट फुकट गेला तो गेलाच.

बोअर गेजबद्दल तितकं प्रेम नाही. पद्मिनीचा बोअर ६८ मिमी. मायक्रोमीटर तेवढ्यावर लावून आधी गेज शून्य करायचा, मग बोअरमध्ये हलकेच डोलवत सुई जिथून उलटी फिरते तो आकडा वाचायचा. हात बसायला दोन रविवार गेले. पण वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथे बोअर तळापेक्षा ०.१३ मिमी मोठा निघाला, तेव्हा "नुसत्या रिंगा बदलू" हा विषय संपला. रिबोअर केलं, म्हणजे सिलिंडर कापून मोठे केले, आणि ओव्हरसाइज पिस्टन घातले. नव्या रिंगांच्या टोकांमधला गॅप पाहताना रिंग उलट्या पिस्टनने सरळ ढकलायची, नाहीतर तिरकी बसते आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खोटं बोलतो.

फरक काय पडला? आधी खंबाटकी चढून सिग्नलला थांबलो की गरम इंजिनावर ऑइलचा दिवा लुकलुकायचा. यंदाच्या मे महिन्यातही तो एकदाही लागला नाही. दर ५०० किमीला अर्धा लिटर ऑइल ओतावं लागायचं, तेही थांबलं.

टॅपेट मात्र अजून वाजतात. रॉकर शाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर ज्यावर हलतात तो दांडा) नख फिरवून मीच म्हटलं होतं, "चालेल."