फ्यूएल डिस्ट्रिब्युटर रिबिल्ड करून आठ महिने: काम चोख, पण चार आकडे कुठे आहेत?

आठ महिने थांबून लिहितोय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर रिबिल्ड करणाऱ्या वर्कशॉपला पाचपैकी एकच तारा दिला असता, आणि तो अन्याय झाला असता. आज चार देतोय. पाचवा का नाही, ते पुढे येईलच.

गाडी १९८२ ची मर्सिडीज २३०ई, म्हणजे डब्ल्यू-१२३, एम-१०२ इंजिन, बॉशचं के-जेट्रॉनिक. म्हणजे यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन: आत येणारी हवा एक तबकडी ढकलते, तबकडीचा दांडा प्लंजर उचलतो आणि त्या मापाने फ्यूएल डिस्ट्रिब्युटर प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल वाटतो. ज्यांच्याकडे जुनी गोल्फ जीटीआय, ऑडी, साब किंवा त्या काळातली पोर्शे आहे, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. मी श्टुटगार्टजवळ राहतो. ही गाडी जिथे बनली त्या झिंडलफिंगेनपासून अर्ध्या तासावर. त्यामुळे सुटे भाग आणि जाणती माणसं दोन्ही मिळतील अशी माझी समजूत होती.

दुखणं सुरू झालं ते दोन हिवाळे गाडी उभी राहिल्यावर. ए-८ महामार्गावरून उल्मकडे जाताना आल्ब डोंगराचा चढ लागतो. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी मिसिंग मारायला लागली. आयडलिंगला तर स्टिअरिंग हातात थरथरायचं. प्लग काढले तेव्हा एक, दोन आणि चार नंबरवर काजळी, तीन नंबर मात्र पांढरा फटक. इग्निशन, कॉम्प्रेशन, वायरी, सगळं तपासून झालं. गावातल्या गॅरेजवाल्याने तीन मिलिमीटरची अॅलन की घालून हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं रिच केलं, म्हणजे पेट्रोल वाढवलं. आयडलिंग जरा सुधारलं, अॅव्हरेज मात्र शंभर किलोमीटरला तेरा लिटरवर गेलं.

तिथेच मला शंका यायला हवी होती. धुराड्यातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) चारही सिलिंडरांची सरासरी दाखवतो. एक सिलिंडर उपाशी असेल तर मीटरला ते दिसत नाही. गॅरेजवाला सगळ्यांनाच जास्त वाढतो, उपाशी असलेला कसाबसा जगतो, बाकीचे तीन गुदमरतात. काटा मात्र बरोबर जागी. आपण पेट्रोलचं बिल भरत राहतो.

मग मी स्वतः मोजलं. चारही इंजेक्टर नळ्यांसकट बाहेर काढून चार काचेच्या मोजनळ्यांत सोडले. पंपाचा रिले काढून दोन टोकं जोडली. हवेची तबकडी एकाच जागी दाबून धरता यावी म्हणून फिल्टरच्या बैठकीवर लाकडाची पट्टी आडवी बांधून तिच्यातून एक बोल्ट खाली घेतला. बोल्ट फिरवला की तबकडी केसाएवढी खाली जाते. हे सगळं उघड्यावर, इंजिन गार असताना आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करा. सिस्टिममध्ये पेट्रोल पाच बारच्या दाबाखाली असतं, याचा विसर पडू देऊ नका.

आयडलिंगच्या आसपास पाच मिनिटांत भरलं ते असं (मिलीत): २१, २०, १४, २२. बोल्ट आणखी फिरवून मधल्या लोडला: १००, ९८, ८४, १०१. तीन नंबर दोन्हीकडे मागे. बोल्टची जागा रोज तीच येईल असं नाही, म्हणून नुसत्या मिलीला अर्थ नाही. चौघांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बघायचं.

प्लंजरच्या नळकांड्यातल्या फटी ०.२ मिलिमीटर रुंद असतात. प्रत्येक फटीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक पोलादी डायफ्रॅम ०.१ बारवर राखतो, म्हणूनच किती पेट्रोल जायचं ते फक्त फट किती उघडली यावर ठरतं. त्या कप्प्यात गंजाचा एक कण बसला तरी गणित बिघडतं. आमचे डिस्ट्रिब्युटर बिडाचे. दोन हिवाळे इथेनॉलचं पेट्रोल आत राहिलं, त्याने पाणी ओढलं आणि बिडाने त्याचं काम केलं. पुण्या-मुंबईत ज्यांनी अशी गाडी जपून ठेवली आहे, त्यांच्या पंपावर तर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. महिनोन् महिने गाडी झाकून ठेवत असाल तर ही ओळ पुन्हा वाचा.

तर ऑक्टोबरात युनिट काढलं, पूर्ण रिकामं केलं, तोंडं बंद केली आणि रिबिल्ड करणाऱ्या एका वर्कशॉपला पाठवलं. नाव लिहीत नाही. खर्च साडेसहाशे युरो, जाण्यायेण्याचं पोस्टेज वेगळं. दोन आठवडे सांगितले होते, पाच लागले. त्याबद्दल तक्रार नाही.

परत आलेला खोका उघडून मी थक्क झालो. युनिट नवं वाटावं इतकं स्वच्छ, प्रत्येक तोंडाला प्लॅस्टिकची टोपी, तांब्याचे नवे वॉशर मोजून दिलेले, प्लंजर बोटाने उचलून सोडला की स्वतःच्या वजनाने अलगद खाली. जुना डायफ्रॅमसुद्धा पिशवीत घालून पाठवला होता आणि तीन नंबरच्या कप्प्याच्या जागी त्यावर तपकिरी कडं स्पष्ट दिसत होतं. सोबत तपासणीचा कागद. त्यावर चार रकाने, आयडलिंग, अर्धा लोड, पूर्ण लोड अशा तीन ओळी. आणि बाराही चौकटींत एकच शब्द: ‘ठीक’.

आकडा एकही नाही.

याचा मला किती त्रास झाला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझं गाव इस्लामपूरजवळ. वडिलांच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचा पंप दर दोन-तीन वर्षांनी कॅलिब्रेशनला जायचा. मायकोचा पंप, बॉशच्याच घराण्यातला. दुकानात बेंचवर काचेच्या नळ्यांची रांग असायची. मिस्त्री पंप फिरवायचा, तेल चढायचं, मग तो गुडघ्यांवर बसून डोळा अगदी पातळीच्या रेषेत आणायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा. वडील बिलाच्या पाठीवर लिहून घ्यायचे: आधीचे तीन, नंतरचे तीन. ती बिलं आजही पत्र्याच्या पेटीत आहेत. पंप पुन्हा बिघडला की वडील आधी जुनं बिल काढायचे, मग दुकानात जायचे. तालुक्याच्या बाजारपेठेत जे न मागता मिळायचं, ते इथे साडेसहाशे युरो मोजूनही मिळू नये?

बॅलन्सिंग म्हणजेच आकडे. नवे ओ-रिंग, नवा डायफ्रॅम, साफसफाई, हे कोणीही चिकाटीचा माणूस किट मागवून करू शकतो. पैसे आपण देतो ते प्रत्येक कप्प्यातल्या स्प्रिंगचा ताण बेंचवर जुळवण्याचे. ते जुळलं हे सांगायला दुसरी भाषाच नाही. ‘ठीक’ म्हणजे किती? दोन टक्क्यांचा फरक ठीक की दहा टक्क्यांचा?

मी मेल केला. उत्तर आलं की सर्व मापं मर्यादेत आहेत. मर्यादा किती, ते लिहिलं नव्हतं.

युनिट बसवलं. सिस्टिम प्रेशर ५.३ बार, इंजिन तापल्यावर कंट्रोल प्रेशर, म्हणजे प्लंजरला वरून दाबणारा दाब, ३.६. दोन्ही बरोबर. आल्बच्या चढावर गाडी अशी चढली की मी परत खाली येऊन पुन्हा एकदा वर गेलो. पण सिग्नलला उभी राहिली की तीच थरथर. कमी होती, पण होती.

माझं डोकं फिरलं. आकडे न देण्याचं कारण हेच, असं मी मनाशी पक्कं केलं. पूर्ण लोडला जुळवलंय, आयडलिंग तसंच सोडलंय. दुसरा मेल बराच कडक लिहिला. पैसे परत मागितले. इथपर्यंतचा माझा निकाल: एक तारा.

मेल पाठवला, आणि मग पुरावा हवा म्हणून पुन्हा चार नळ्या मांडल्या. वास्तविक हे उलट्या क्रमाने करायला हवं होतं. भरलं: २०, २०, १९.५, २०. मधल्या लोडला ९९, १००, ९९, ९९. मी तीनदा केलं. तीनदा तेच. काम इतकं नेमकं होतं की त्याहून जास्त मला मोजताच आलं नसतं.

मग थरथर कुठून? पहिल्या खेपेला मी मोजनळ्यांच्या तोंडाशी कापड गुंडाळलं होतं आणि लक्ष फक्त पातळीवर होतं. या वेळी इंजेक्टर थोडे वर धरले. एक, दोन आणि चारमधून धुक्यासारखा शंकू पडत होता. तीनमधून मात्र बारीक धार, सुतासारखी सरळ, आणि पंप बंद केल्यावरही टोकाला थेंब लोंबत होता. पेट्रोल मापात येत होतं, पण धारेने आलेलं पेट्रोल आयडलिंगला नीट जळत नाही. शिवाय चारही इंजेक्टरांच्या बुडाचे रबरी सील नखाने दाबून पाहिले तर प्लॅस्टिकसारखे कडक. तिथून आत शिरणारी हवा तबकडीवरून जातच नाही, म्हणजे मोजलीच जात नाही. आयडलिंगला मुळात हवा कमी, त्यामुळे हे दुखणं तिथेच जास्त जाणवतं.

चार इंजेक्टर आणि सील मिळून दोनशे युरोंच्या आत काम झालं. त्याच संध्याकाळी मी वर्कशॉपला माफीचा मेल लिहिला. त्यांनी दोष माझ्या माथी मारला नव्हता, शांतपणे इंजेक्टर तपासा एवढंच सुचवलं होतं. ती ओळ मी रागात वाचलीच नव्हती. यावरून कोणाला खर्च वाचवायचा असेल तर क्रम असा ठेवा: आधी सील, मग इंजेक्टरचा फवारा, मग प्रेशर, आणि मापात फरक दिसला तरच डिस्ट्रिब्युटर.

त्यानंतर मिश्रण लावलं. गॅरेजवाल्याने रिच केलेला स्क्रू जवळजवळ अर्धा फेरा मागे आणावा लागला. हे करताना एक सांभाळा: की भोकात असताना अॅक्सिलरेटर देऊ नका, ती तबकडीच्या दांड्याला अडकते. जरा फिरवा, की बाहेर काढा, इंजिनला थोडा रेस द्या, मग मीटर वाचा. घाई केली की माप खोटं येतं.

आता ६,२०० किलोमीटर झाले. अॅव्हरेज पावणेअकरावर आलं. प्लग चारही एकाच तपकिरी रंगाचे. पेट्रोलचा वास, जो मी जुन्या गाडीचा म्हणून सोडून दिला होता, पूर्ण गेला. प्लंजरच्या खालच्या बाजूने पेट्रोल झिरपून हवेच्या पेटीत उतरत होतं, हे आता कळतंय.

न मागता मिळालेला सगळ्यात मोठा फायदा गरम स्टार्टिंगचा. आधी उन्हाळ्यात पेट्रोल भरून दहा मिनिटांनी स्टार्टर मारला की गाडी घुर्र घुर्र करत राहायची, मागे रांग लागायची. मी इंजिन बंद झाल्यावर दाब टिकवणारा फ्यूएल अॅक्युम्युलेटर बदलायच्या बेतात होतो. पण दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या पोटातल्या प्रेशर रेग्युलेटरच्या ओ-रिंगमध्ये. ती बदलल्यावर इंजिन बंद करून अर्ध्या तासानेही गेजवर २.६ बार टिकून राहतात. परवा ३३ अंश तापमानात किल्ली अर्धी फिरते न फिरते तोच इंजिन सुरू झालं. बायकोने मान वळवून पाहिलं. तिने या गाडीला पंपावर ढकलायला हात लावलेला आहे.

एक बाकी राहिलं. थंड सकाळी पहिली दोन मिनिटं जरा रखडते. थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळवून देणारा वॉर्म-अप रेग्युलेटर थकलाय, थंड असतानाचं कंट्रोल प्रेशर असायला हवं त्याहून जास्त येतं. तो पुढच्या हिवाळ्याआधी पाठवायचा आहे, आणि त्याच वर्कशॉपला पाठवणार आहे.

मात्र तिसऱ्या मेलमध्ये मी पुन्हा तेच मागितलं होतं: चार आकडे. तक्रार म्हणून नव्हे, गाडीच्या कागदात ठेवायला. मे महिन्यात उत्तर आलं. सोबत बेंचवरच्या हस्तलिखित चिठ्ठीचा फोटो. तेलाचा एक डाग पडलेली, पेन्सिलने लिहिलेली. आधीचे आकडे, नंतरचे आकडे, तिन्ही लोडचे. आधीच्यात आयडलिंगला तीन नंबर बाकीच्यांच्या दोन तृतीयांश, अगदी माझ्या बोल्टच्या मापासारखा. नंतरच्यात चौघांत एक टक्क्याचाही फरक नाही.

म्हणजे मोजलं होतं, लिहिलंही होतं, पहिल्या दिवसापासून त्यांच्या फायलीत होतं. ती चिठ्ठी खोक्यात टाकायला काहीच लागलं नसतं. पाचवा तारा तिचा. फोटो छापून मी हवेच्या फिल्टरच्या झाकणाला आतून चिकटवलाय, तारीख घालून.