‘ग्रेपव्हाइन’ आधी कुणाचं ऐकावं: ग्लॅडिस नाइटचं की मार्व्हिन गेचं?

सोल संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं चर्चच्या गायकीतून आलेलं संगीत, नव्याने ऐकायला लागलेले लोक एक प्रश्न हमखास विचारतात. ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ कुणाचं ऐकायचं? शोधायला गेलं की सगळ्यात वर मार्व्हिन गे येतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. मीही कितीतरी वर्षं तिथेच थांबलो होतो. आज कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स ऐका, मग मार्व्हिनकडे जा. या क्रमाने खरंच फरक पडतो.

आधी गाण्यात काय आहे ते पाहू. आपलं माणूस आपल्याला सोडून जुन्या प्रेमाकडे परत चाललंय, अशी कुणकुण लागलेल्या माणसाचं हे गाणं. आपण ‘उडत उडत कानावर आलं’ म्हणतो, अमेरिकेत ‘द्राक्षवेलीवरून कळलं’ म्हणतात. घाव दोन आहेत: ती व्यक्ती जाणार, आणि ते आपल्याला लोकांच्या तोंडून कळणार. दुसरा घाव जास्त झोंबतो. ‘तू स्वतः सांगायला हवं होतंस’ ही तक्रार गाण्याच्या मुळाशी आहे.

नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी १९६६ मध्ये हे लिहिलं. दोघेही डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे. तुलनेला हे गाणं इतकं चांगलं आहे ते याचमुळे. दोन्ही ध्वनिमुद्रणं १९६७ ची, काही महिन्यांच्या अंतराने, त्याच कंपनीत झालेली. निर्माता दोन्हीकडे व्हिटफील्डच, आणि वाजवणारेही मोटाउनचेच ‘फंक ब्रदर्स’. म्हणजे साधनं तीच. बदलले ते गळा, लय आणि मांडणी.

क्रम मात्र लोक उलटा समजतात. मार्व्हिनने हे गाणं ग्लॅडिसच्या आधी गायलं होतं, १९६७ च्या वसंतात. त्याच्याही आधी मोटाउनच्याच स्मोकी रॉबिन्सन आणि मिरॅकल्स या गटाने ते गाऊन झालं होतं. पण कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांना मार्व्हिनचं पसंत पडलं नाही आणि ते कपाटात गेलं. व्हिटफील्डने हार मानली नाही. गायिका अरीथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ हे गाणं त्या वर्षी धुमाकूळ घालत होतं. त्याच्या तोडीस तोड काही करायचं म्हणून त्याने ग्लॅडिसला घेऊन गाण्याची लय वाढवली. सप्टेंबरात रेकॉर्ड आली, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, कृष्णवर्णीय संगीताच्या) लोकप्रियतेच्या यादीत पहिली आणि सर्वसाधारण यादीत दुसरी. मार्व्हिनचं १९६८ मध्ये ‘इन द ग्रूव्ह’ या अल्बममध्ये एक गाणं म्हणून टाकलं गेलं. शिकागोच्या रेडिओवर ते वाजायला लागलं, श्रोते मागायला लागले, तेव्हा कुठे ऑक्टोबरात सिंगल, म्हणजे त्या एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड, निघालं. मग ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

आता हेडफोन लावा. ग्लॅडिसचं गाणं सुरू होतं तेच मुळी पायांत. ढोल, टँबोरीन आणि पियानो चर्चमधल्या रविवारसारखे धावत येतात. तिच्या आवाजात थरथर नाही. ती समोर उभी राहून जाब विचारते. ती एक ओळ टाकते आणि मागून पिप्स ती उचलतात. पिप्स म्हणजे तिचा सख्खा भाऊ आणि दोन चुलत-मावस भाऊ, घरचीच माणसं. मला इथे नेहमी वाटतं की बातमी जिच्यावरून आली ती द्राक्षवेल तिच्या मागेच उभी आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि सगळी गल्ली तिच्या बाजूने आहे. दुःख आहेच, पण तिने ते रात्री केव्हातरी रडून संपवलंय. आता ती हिशोबाला बसली आहे.

मार्व्हिनकडे हिशोब नाही. सुरुवातीला इलेक्ट्रिक पियानोची एक खालची, अंधारी सुरावट येते, तिच्यावर टँबोरीनची सळसळ, आणि मग व्हायोलिनं अशी शिरतात जणू शेजारच्या खोलीत कुणी कुजबुजतंय. तो गायला लागेपर्यंतच छाती जड झालेली असते. आणि पहिल्याच ओळीपासून त्याचा आवाज ताणलेला. हा ताण नुसता अभिनय नाही. व्हिटफील्डने पट्टी मुद्दाम त्याच्या सोयीपेक्षा वर ठेवली होती आणि त्यावरून दोघांची वादावादीही झाली होती. मार्व्हिन मुळात मखमली गळ्याचा गायक. इथे त्याला तो गळा वापरताच येत नाही, घशाच्या वरच्या टोकाला लटकून गावं लागतं. पुरुषाने रडायचं नसतं हे ठाऊक आहे, पण आसवं आवरत नाहीत, अशा अर्थाची ओळ येते तेव्हा तो खरंच काठावर असतो. ग्लॅडिसने सगळं कळल्यावर गायलंय, मार्व्हिन कळत असताना गातो. डोळ्यांनी दिसतं त्याच्या अर्ध्यावरच विश्वास ठेवावा, कानाने ऐकलं त्यावर मुळीच नको, असं लोक म्हणतात, तेही गाण्यात येतं. त्याच्या तोंडी ती केविलवाणी आशा वाटते, अजूनही ही अफवाच निघेल अशी.

म्हणूनच क्रमाचा आग्रह. मार्व्हिन आधी ऐकला की त्याचा अंधार कानात इतका बसतो की त्यानंतर ग्लॅडिस नुसती घाईत वाटते. माझं नेमकं हेच झालं आणि तिचं गाणं मी बरीच वर्षं वरवर ऐकलं, ही माझी खरी हानी. उलट क्रमाने कुणाचंच नुकसान होत नाही. तिच्या पाठोपाठ तो आला की त्याच ओळी कशा वाकल्या हे लख्ख ऐकू येतं.

एकच ठेवायचं म्हटलं तर? माझं मत मार्व्हिनला. मांडणी म्हणून ते मोटाउनच्या सर्वोत्तम कामांपैकी एक आहे. पण घरात चार माणसं जमली असतील, काम करता करता ऐकायचं असेल, तर बिनधास्त ग्लॅडिस लावा. मार्व्हिनचं गाणं लक्ष मागतं, गप्पांमध्ये ते वाया जातं. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या रॉक बँडचं अकरा मिनिटांचंही आहे, पण तो प्रकार वेगळा, गिटारसाठी ऐकायचा.

रेकॉर्ड विकत घेणार असाल तर ग्लॅडिसचं ‘एव्हरीबडी नीड्स लव्ह’ या १९६७ च्या अल्बममध्ये सापडेल. दोन्हींचं मोनो मिक्स, म्हणजे डावा-उजवा असा फरक न करता सगळे आवाज एकत्र केलेलं, मिळालं तर तेच घ्या. मोटाउन तेव्हा गाडीतल्या आणि खिशातल्या छोट्या रेडिओसाठी मिक्स करत असे, त्यामुळे मोनोमध्ये ढोल आणि गळा एकजीव होऊन अंगावर येतात.

आणि गायला शिकणार असाल तर ग्लॅडिसपासूनच सुरुवात करा. मागे साथ द्यायला तीन मित्र असतील तर फारच उत्तम, कारण तिच्या मांडणीत अर्धं गाणं उत्तरं देणाऱ्यांचं आहे. मार्व्हिनच्या पट्टीत गाताना घसा ओरखडून घेऊ नका. स्वतःच्या गळ्याची सोयीची पट्टी शोधा, तिच्या एक-दोन सूर वर जा आणि तिथे आवाज कुठे तुटतो ते ऐका.