त्यानं कोणता धागा जाळला?

माझ्या डोळ्यांदेखत त्यानं धागा जाळून दाखवला. म्हणून तर मी फसले. नुसतं "प्युअर कॉटन है दीदी" म्हणाला असता तर मी पर्स उघडली नसती. नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या दुकानात दोन तास बसून, शंभर थान उलगडायला लावून काहीही न घेता बाहेर पडणारी बाई आहे मी.

गोष्ट गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली. मे महिन्यात भाचीचं लग्न होतं, वर्ध्याला. आहेरात भांडी नकोत, घरात ती आधीच ओसंडताहेत, असं नणंदेनं बजावून ठेवलं होतं. चांगल्या सुती चादरी द्याव्यात असं माझ्या मनात आलं. त्याच आठवड्यात आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयावर फलक लागला: हातमाग महाप्रदर्शन, फॅक्टरी बंद, एक्स्पोर्टचा माल, 80 टक्के सूट, फक्त चार दिवस. हातमाग आणि फॅक्टरी एकाच फलकावर! मला तिथेच हसू यायला हवं होतं. आलं नाही. ऊन मी म्हणत होतं आणि आत चार मोठे कूलर लावलेले होते.

चादरींच्या टेबलावरचा माणूस तिशीतला, गोडबोल्या. त्याचं एक मान्य करायला हवं, विणीबद्दल त्यानं जे सांगितलं ते सगळं खरं होतं. अजूनही चुकीचं वाटत नाही. त्यानं तीन चादरी पसरल्या. पहिली साधी वीण, उभ्या धाग्यावरून एक, खालून एक, त्याच्या भाषेत परकेल. म्हणजे आपल्या मांजरपाटाचाच शिकलेला भाऊ: सूत बारीक, वीण दाट, पण चाल तीच. हात लावला की कोरडी, थोडी कडक, चमक नाही. दुसरी ट्विल, जिच्यावर तिरप्या रेघा दिसतात, ड्रिलच्या पॅण्टीसारख्या. जाड, टिकाऊ, सुरकुत्या कमी. तिसरी सॅटीन. हिच्यात एक धागा चार धाग्यांवरून उडी मारतो आणि पाचव्याच्या खालून जातो. वर लांब लांब धागे मोकळे पडतात, त्यावर उजेड पडला की झळाळी येते, हाताला रेशमासारखं मऊ लागतं.

खरं तर नागपूरच्या उन्हाळ्यात अंगाखाली परकेलच हवी. साधी वीण हवा खेळू देते, घाम लवकर वाळतो. सॅटीन अंगाला बिलगते, थोडी उबदार, ती डिसेंबरात छान. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण आहेर! आहेर चमकायला नको का? परकेल पुढ्यात धरली की ती दवाखान्यातल्या चादरीसारखी दिसत होती. मोतिया रंगाची, काठाला बारीक जरीसारखी पट्टी असलेली सॅटीन मी उचलली.

वेष्टनावर लिहिलं होतं: इजिप्शियन कॉटन, 600 थ्रेड काउंट, किंग साइज, छापील किंमत 5,999. माझ्यासाठी 1,500. सहा घेतल्या तर साडेसात हजारात. मी म्हटलं, सुती कशावरून? तो वाटच पाहत होता. खिशातून लायटर काढला, चादर हातात घेतली, एकदा फिरवली, कोपऱ्याची शिवण नखानं उसवली आणि आतून एक धागा ओढून काढला. पेटवला. कागद जळावा तसा भुरूभुरू जळला, कागदाचाच वास, मागे मऊ राखाडी राख. बोटानं चोळली तर उडून गेली. पॉलिस्टर असतं तर धागा ज्योतीपासून आक्रसून मागे गेला असता, वितळून काळा टणक मणी झाला असता. शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकलो होतो ते समोर घडत होतं. शेजारच्या दोन बायकांनीही बघितलं, त्यांनीही घेतल्या. मी सहा घेतल्या. फोनवरून पैसे दिले ते कुठल्या दुकानाच्या नव्हे, एका माणसाच्या नावावर गेले, हे मी नंतर पाहिलं. बिल म्हणून जो कागद मिळाला त्यावर 'एस्टिमेट' छापलेलं होतं.

दोन चादरी भाचीला दिल्या. दोन आमच्या पलंगांवर घातल्या. दोन कपाटात.

मे महिन्यात एका रात्री लाइन गेली. कूलर बंद. तासाभरात मी घामानं निथळून उठले तर चादर ओली नव्हती. घाम तिच्यावर होता, तिच्यात नव्हता. पाठ चिकटत होती, जणू रेक्झिनच्या सीटवर झोपले आहे. वाटलं, उकाडाच तसा आहे. मग तिसऱ्या धुण्यानंतर वरच्या बाजूला बारीक गोळे धरले. खांद्याशी आणि टाचा घासतात तिथे जास्त. वाळत घातलेली चादर ओढली की चटचट आवाज यायचा. नवरा म्हणाला, "नवी आहे, होईल मऊ." पुरुषांना धुण्यातलं काय कळतं, हे वाक्य मी तेव्हा गिळलं, पण इथे लिहून ठेवते.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, लग्नाच्या आधी महिनाभर वर्ध्यालाच मुक्कामाला होते. नाहीतर हे घडलंच नसतं. त्यांनी एम्प्रेस मिलच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात, तीस वर्षं काढली. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ती मिल 2002 मध्ये कायमची बंद झाली तेव्हा मामाजी बावन्न वर्षांचे होते. आज तिथे मॉल आहे. मामाजी त्यात एकदाच गेले, सरकत्या जिन्यापाशी उभं राहून इकडे तिकडे पाहिलं आणि परत आले.

वर्ध्याहून आले, पलंगावर टेकले आणि चादरीवरून हात फिरवताच म्हणाले, "हे कायचं कापड आनलं?"

मी जळलेल्या धाग्याची हकिगत सांगितली. जरा तोऱ्यातच सांगितली.

"कोनता धागा जाळला त्यानं? ताना का बाना?"

ताना म्हणजे उभा धागा, बाना म्हणजे आडवा. मी गप्प. तो प्रश्न मला सुचलाच नव्हता. आणि त्याच क्षणी आठवलं, धागा काढण्याआधी त्यानं चादर हातात एकदा फिरवली होती.

मामाजींनी शिवण उसवली. उभा धागा काढला, आडवा काढला, दोन्ही वेगवेगळे धरून गॅसपाशी गेले. उभा जळला तो त्या दिवशीसारखाच, कागदासारखा. आडवा ज्योतीजवळ नेला तसा गोगलगायीसारखा आखडला, काळा धूर सोडला आणि चिमट्याच्या टोकाला काळा मणी उरला. दाताखाली धरला तर कडक.

"उभं सूत, आडवं प्लास्टिक," ते म्हणाले. "त्यानं तुले खोटं नाही दाखवलं बेटा. अर्धं दाखवलं."

पण नुसतं अर्धं-अर्धं असतं तर एक वेळ चाललं असतं. इथे विणीची करामत होती. ह्या सॅटीनमध्ये वर दिसतो तो आडवा धागा, तोच चार घरं मोकळा पडतो. म्हणजे अंगाला लागणारा पृष्ठभाग जवळपास सगळा पॉलिस्टरचा, आणि सुती धागा पाठीमागे दडलेला. साध्या विणीत दोन्ही धागे सारखेच वर येतात, तिथे हे इतकं बेमालूम जमलं नसतं, आणि झळाळीचं श्रेय विणीला देता आलं नसतं. सॅटीन चमकायचीच, तिच्या चमकेवर कोण संशय घेणार? मामाजींना चोराची कारागिरी आवडली की काय असं मला क्षणभर वाटलं. ते बराच वेळ चादर उलटसुलट करत होते.

मग ट्रंकेतून त्यांचं घडीचं पितळी भिंग निघालं. त्याच्या बुडाला एक इंच चौरस खिडकी असते, ती कापडावर ठेवायची आणि सुईच्या टोकानं धागे मोजायचे. उभे 76, आडवे 120. बेरीज 196. थ्रेड काउंट म्हणजे एवढंच, एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे. वेष्टनावर होते 600. काही कंपन्या दोन-तीन पदरांचं पीळ दिलेलं सूत वापरतात आणि प्रत्येक पदर वेगळा मोजून आकडा फुगवतात, ते मामाजींना माहीत होतं. पण आमच्या चादरीचं सूत एकपदरीच होतं. आकडा फुगवायचेही कष्ट घेतले नव्हते, सरळ छापला होता. चांगल्या एकपदरी सुताची 200 ते 300ची परकेल फुगवलेल्या 600 पेक्षा कधीही सरस, हे त्यांचं मत, आता माझंही.

हातमागाचं तर विचारूच नका. हातमागावर धोटा, म्हणजे आडवं सूत वाहून नेणारं लाकडी साधन, इकडून तिकडे जातो आणि परत येतो, त्यामुळे आडवं सूत काठाशी वळतं आणि काठ बंद असतो. आमच्या चादरीची शिवण उसवली तर आत कापलेल्या सुतांची झालर. हे बिनधोट्याच्या वेगवान मागाचं काम. म्हणूनच चारी बाजू दुमडून शिवल्या होत्या.

आणि इजिप्शियन कॉटन! "आपल्या दारात कापूस पिकते, अन् हा इजिप्तचा सांगून राह्यला," मामाजी म्हणाले. ज्या शहरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे तिथल्या बाईला इजिप्तच्या नावाची भुरळ पडावी, हे मलाही लागलं. पण या नावाला मोठमोठे फसलेत. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीला 2016 साली कळलं की इजिप्शियन कॉटन म्हणून विकलेल्या साडेसात लाखांच्या आसपास चादरी-अभ्र्यांत दुसराच कापूस होता. माल पुरवणारी कंपनी आपल्याच देशातली. त्यांचा निदान कापूस तरी होता.

मी मंगल कार्यालयात गेले. तिथे लोणची-पापडांचं प्रदर्शन लागलं होतं. मालक म्हणाले, आम्ही हॉल भाड्यानं देतो, आत कोण काय विकतो ते आम्ही बघत नाही. एस्टिमेटवरचा फोन बंद. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, बिलावर विक्रेत्याचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आहे का? नव्हता. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण तक्रार करायला समोर कोणीतरी लागतं. माझ्यासमोर कोण होतं? एक लायटर.

तुम्ही कुठे चादर घ्यायला जाल तर धागा जाळून बघाच, पण दोन जाळा, उभा आणि आडवा, आणि दोन्ही स्वतःच्या हातानं काढा. विकणारा नको म्हणाला तर उत्तर मिळालं. एक लक्षात असू द्या, व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं सूत, तेही अगदी कापसाच्या सुतासारखंच जळतं, त्यामुळे राख मऊ निघाली म्हणजे कापूसच, असं नाही. पाण्याचा थेंब टाकून बघण्याची युक्ती बायका सांगतात. कापूस थेंब पितो, पॉलिस्टरवर तो मण्यासारखा बसतो. पण कोऱ्या सुती कापडावरही खळ किंवा मऊपणाचं रसायन असलं की थेंब बसून राहतो, तेव्हा ही परीक्षा एका धुण्यानंतर घ्या. 'ग्लेस कॉटन' लिहिलेलं दिसलं तर कॉटन हा शब्द वाचूच नका, ते सहसा पॉलिस्टरच असतं. सॅटीन आणि सॅटिन या जोडीचंही तसंच. सुती ती सॅटीन (sateen), आणि दुसरी, सॅटिन (satin), बहुतेक वेळा पॉलिस्टरची. उच्चारात फरक कळत नाही आणि माझ्या एस्टिमेटवर नेमका दुसरा शब्द होता. टेप न्या. किंग म्हणजे 108 बाय 108 इंच सांगतात. माझी भरली 90 बाय 100, म्हणजे साधी डबल.

आणि जीएसटीचं बिल मागा. 5,999ची वस्तू 1,500ला देणारा "बिल लिया तो टॅक्स लगेगा" म्हणाला तर लावू द्या.

आमच्या पलंगावर आता गांधीबागेतल्या जुन्या दुकानातली पांढरी परकेल आहे, मामाजींनी भिंग लावून पसंत केलेली. दुकानदार आधी चिडला, मग त्यानंच त्यांना चहा पाजला. मोतिया चादरी मी उलट्या बाजूनं घालते, सुती बाजू वर. पाहुणे नसतील तेव्हा.

भाचीला अजून सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी तिचा फोन आला होता. म्हणाली, "मामी, तुम्ही दिलेल्या चादरी इतक्या वेळा धुतल्या, पण चमक काही जात नाही."