ग्लो अँड लव्हली : क्रीम ठीकठाक, विकलं मात्र भलतंच

मिरजेत माझं छोटंसं पार्लर आहे आणि या ट्यूबबद्दल कुणी ना कुणी विचारतंच. विचारतात अर्थात जुन्या नावानेच. जुलै २०२० मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं, पण आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात अजून ‘फेअर अँड लव्हली’च मागतात आणि दुकानदारही काही न बोलता काढून देतो.

आधी क्रीमबद्दल. हलकी आहे, पटकन पसरते, घामट चेहऱ्याला चालते. थंडीत कोरड्या त्वचेला पुरेलच असं नाही. यात नियासिनामाइड असतं, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. त्वचेतलं रंगद्रव्य वरच्या पेशींपर्यंत पोचतं, तो वेग ते जरा कमी करतं. नेमाने लावली आणि उन्हात चेहरा जपला, तर टॅन नि डाग थोडे फिके होऊ शकतात. थोडेच हं. लावल्या लावल्या आरशात जो उजाळा दिसतो तो टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे पांढऱ्या पावडरीचा. तोंड धुतलं की गेला. सावळ्या चेहऱ्यावर हात सढळ पडला तर तोंड राखाडी आणि मान वेगळीच. ट्यूबलाइटखाली उभं राहून हनुवटीखालची रेघ बघा.

माझ्याकडे ‘गोरं करून द्या’ म्हणत येणाऱ्या मुलींना मी बाही वर करायला लावते. दंडाची आतली बाजू, जिथे ऊन पोचत नाही, तो तुमचा रंग. साधी क्रीम फार तर चेहरा तिथपर्यंत नेईल. आठवड्यात त्याच्याही पुढे नेणारी ‘खास’ क्रीम कुणी हातात ठेवली, तर तीत बरेचदा स्टेरॉइड असतं. ते लावत राहिलं की त्वचा पातळ होते, लाल पडते, मग आमच्या हातात काही उरत नाही. सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

मग १९७५ पासून ही इतकी खपली कशी? जाहिरातींमुळे. एकीत मुलगा नाही म्हणून बाप कुरकुरतो, सावळी मुलगी क्रीम लावते आणि एअर होस्टेस होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार लावून धरली, तेव्हा २००३ मध्ये ती जाहिरात बंद झाली. त्याच वर्षी क्रिकेट वर्ल्डकपच्या निमित्ताने नटी जेनेलिया आणि माजी क्रिकेटपटू श्रीकांतची जाहिरात आली. नोकरी असो, क्रिकेट असो, लग्न असो, औषध एकच! सावळी बाई दुःखी किंवा लग्नात-नोकरीत मागे पडलेली दाखवायची नाही, असा नियम जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या जाहिरात मानक परिषदेने केला तो थेट २०१४ मध्ये. पाकिटावरचे सावळा नि गोरा असे दोन चेहरे आणि रंग मोजायची पट्टी २०१९ मध्ये गेली. ती पट्टी गालाला लावून ‘ताई, मी कितव्या नंबरवर?’ विचारणाऱ्या मुली मी पाहिल्यात. बरोबर आलेली आई तर त्यांच्याआधी वाकून बघायची.

एकट्या कंपनीला काय बोलायचं म्हणा. २०१९ मध्येच सावळ्या नायिकेची मराठी मालिका आली. मला वाटलं, चला, आता तरी. तर उजळ नटीला गडद मेकअप! आमच्या धंद्यातलं कुणीतरी रोज तिला सावळं करत बसलं असणार. सावळी नटी मिळालीच नसेल, हे मला पटत नाही.

रोजची क्रीम म्हणून पाचपैकी अडीच स्टार. पाहण्याचा कार्यक्रम ठरलाय म्हणून घेत असाल तर एकही नाही. तेच पैसे साठवून एसपीएफ ३० चं सनस्क्रीन घ्या, आणि बाहेर पडण्याआधी चेहऱ्याबरोबर मानेला आणि कानांनाही लावा.