जळगावजवळचा वृद्धाश्रम आणि त्यांची ती 'मानसिक आरोग्य तपासणी'

जेवण-स्वच्छतेचं सगळेच लिहितात, ते ठीक आहे इथे, वांग्याचं भरीत-भाकरी असते अधूनमधून, मे महिन्यात कूलर चालू असतात, आपल्याकडच्या उन्हात तेच मोठं. मला लिहायचंय ते जाहिरातीतल्या 'नियमित मानसिक तपासणी'बद्दल, कारण मावशीला ठेवताना आम्ही त्यालाच भुललो होतो. नाव टाकत नाही.

पहिली तपासणी म्हणजे निव्वळ उरकाउरकी. जीडीएस म्हणून १५ प्रश्नांचा फॉर्म असतो, हो किंवा नाही एवढंच सांगायचं, मार्क ५ च्या वर गेले की डिप्रेशनची शंका धरून डॉक्टरला दाखवायचं. तो एका पोराने भर हॉलमध्ये विचारला, टीव्ही चालू, दोन्हीकडच्या खाटांवरच्या बाया कान टवकारून. आयुष्याबद्दल समाधानी आहात का? चारचौघांत कोण नाही म्हणेल! मावशी म्हणे, "माले काय व्हयनं, मी बरी शे." मार्क २, फाईल बंद. आणि इकडे ही बाई अर्धं ताट तसंच सोडत होती, ओव्या गुणगुणायची ते बंद, पहाटे ३ ला उठून नुसती बसून राहायची.

आम्ही आरडाओरडा केल्यावर सिस्टरने परत घेतली. मागच्या ओट्यावर नेलं, कानाचं मशीन लावलं (आधीच्या वेळी ते डबीतच होतं!!), शेतीवाडीच्या गप्पा मारत अहिराणीत एकेक प्रश्न काढला. मार्क ९. फॉर्म तोच बरं का. पुढचं काम मात्र नीट झालं, लगेच गोळी सुरू नाही केली, आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं कारण त्याच्या कमतरतेनेही माणूस असाच सुस्त नि उदास होतो, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळीचा फरक दिसायला चार-सहा आठवडे जातात हे सिस्टरने आधीच सांगून ठेवलं ते बरं केलं, नाहीतर आपण आठव्या दिवशी फोन लावतो.

विसराळूपणाची टेस्ट मात्र बोगस. घड्याळ काढून काटे दाखवा म्हणे. मावशी शाळेची पायरी चढलेली नाही, पेन्सिल हातात धरलेली नाही, तिने काय काढायचं? न शिकलेल्यांसाठी हिंदीत एचएमएसई म्हणून वेगळी टेस्ट आपल्याच देशात बनलीय, मॅनेजरसाहेबांनी नावही ऐकलेलं नव्हतं.

३ स्टार, त्यातले दोन सिस्टरचे. ती रजेवर गेली की तिमाही तपासणी लांबते आणि रिपोर्ट मागितल्याशिवाय हातात येत नाही. कोणाला ठेवायचंच असेल तर ॲडमिशनच्या आधी विचारून घ्या की फॉर्म कोण भरून घेतं, कुठे बसवून, आणि मार्क जास्त आले तर कोणाकडे पाठवता. मी शेवटचं विचारलं तर साहेब रजिस्टर चाळत बसले. टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, तिचा १४४१६ फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात, तो मी मावशीच्या मोबाईलमध्ये टाकून दिलाय.