मोटरवाला ब्रिक ट्रक, सात महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, घेताना पोराचं नाव पुढे केलं होतं. त्याच्या वाढदिवसाला म्हणून हा लेगोसारखे तुकडे जोडून बनवायचा रिमोटचा ट्रक ऑर्डर केला, साडेपाच हजार घातले, आणि पहिल्या रविवारी तो दीड तास बसला नि खाली क्रिकेटला पळाला. नवरा म्हणाला, आता हे कोण पूर्ण करणार? मी काही बोलले नाही, रात्री जेवणं आटपल्यावर परत बसले.

लहानपणी मामाने मस्कतहून टेक्निकचा, म्हणजे लेगोचाच पण गिअर-मोटर जोडायचा सेट आणला होता, खरा दादासाठी, पण तो हात लावायचा नाही. गिरगावच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली मोटर लावून गाड्या पळवायचे मी. मग दहावी आली, आईने सगळं श्रीखंडाच्या डब्यात भरून माळ्यावर टाकलं आणि ते तिथेच राहिलं, कांदिवलीला आलो तेव्हा डबा पण सोबत आला इतकंच.

आत्ताचा सेट लेगोचा नाही, त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा आहे, नाव सांगत नाही कारण पुढे थोड्या शिव्या आहेत. माप तेच म्हणजे विटेवरच्या दोन गोल बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. लेगोची आजची वीट १९५८ ची आहे, तिचं पेटंट कधीच संपलं, त्यामुळे बाकीच्यांना त्याच मापात बनवता येतं. टेक्निक १९७७ मध्ये आलं, त्यातल्या भोकांच्या पट्ट्यांचं अंतरही तेच ८. म्हणजे माझ्या डब्यातला जुना गिअर या नव्या ट्रकला चालतो, हे मला मार्चमध्ये कळलं आणि खरी मजा तिथून सुरू झाली.

बांधायला तीन रविवार आणि मधल्या बऱ्याच रात्री लागल्या. पुस्तिकेतली चित्रं गडद आहेत, काळी पिन आणि गडद राखाडी पट्टी एकमेकांत मिसळून जातात, ट्यूबलाईटखाली तर विचारूच नका. एक चूक सगळेच करतील म्हणून लिहिते. पट्ट्या जोडायच्या पिनांपैकी काळी पिन घट्ट बसते, राखाडी पिन सैल फिरते. स्टिअरिंगच्या जोडणीत मी चुकून दोन काळ्या घातल्या, तर चाकं वळायची पण परत सरळ यायची नाहीत, मोटर नुसती कण्हायची. मी आधी मोटरला दोष दिला, मग रिमोटला. शेवटी अर्धा ट्रक उकलला तेव्हा त्या दोन पिना सापडल्या.

तर पुस्तिकेप्रमाणे बांधलेला ट्रक हॉलच्या लादीवर झकास पळतो, सासूबाईंच्या पायात दोनदा आला, त्यांनी तिसऱ्यांदा आला तर गॅलरीतून फेकीन म्हणून सांगितलंय. पण बाथरूमसमोरचं पायपुसणं किंवा किचनचा उंबरठा आला की बस. मोटरकडे १२ दातांचा गिअर आणि त्याला लागून २० दातांचा, म्हणजे वेग पावणेदोन पटीच्याही आतच कमी होतो, तेवढी ताकद पुरत नाही. श्रीखंडाच्या डब्यात ८ आणि २४ दातांची जोडी होती, ती एकास तीन पडते, आणि गंमत म्हणजे दोन्ही जोड्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिलिमीटरच, दोन भोकांचं अंतर. त्याच भोकांत बसली! फक्त २४ चा गिअर मोठा असल्याने शेजारच्या पट्टीला घासत होता, ती एक भोक सरकवली.

ट्रक हळू झाला, जवळजवळ निम्मा, पण पायपुसणं चढला. उंबरठ्यावर मात्र जोर लावला तेव्हा मधला लांब दांडा पिळला गेला, जिलबीसारखा नाही पण डोळ्यांना दिसेल इतका. मग डोक्यात आलं की गिअर मोटरजवळ लावला तर तिप्पट जोर त्या सगळ्या लांब दांड्यातून जातो, तोच मागच्या चाकांजवळ लावला तर दांडा नुसता जोरात फिरतो, त्याच्यावर ताण कमी येतो. खऱ्या मोठ्या ट्रकांतही चाकाजवळ असं गिअर देतात. हे करायला मला दोन आठवडे लागले, हौदा एक वीट वर उचलावा लागला, दिसायला ट्रक आता थोडा उंटासारखा झालाय. पण चढतो.

पोरगा तेव्हा परत आला. म्हणाला, "आई, एक चाक हवेत नुसतंच गरगरतंय आणि दुसरं थांबलंय." डिफरन्शियलची भानगड, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, तिच्यामुळे सगळी शक्ती मोकळ्या चाकाला जाते. आम्ही दोघांनी डिफरन्शियल काढून सरळ दांडा घातला, आता उंबरठा पार होतो पण वळताना टायर लादीवर चरचरतात. दोन्ही नाही मिळत.

आता शिव्या. बॅटरीचा डबा जुलैत गेला, चार्ज व्हायचा पण चालू होईना. विकणाऱ्याला तीन मेसेज केले, फोटो, व्हिडिओ सगळं पाठवलं, उत्तर शून्य. शेवटी लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात घेऊन गेले, तिथल्या एका दुकानातल्या पोराने उघडून बघितलं, स्विच गेलाय म्हणाला, दहा मिनिटांत नवा लावून दिला, साठ रुपये. चार्ज एकदा केला की पाऊण तास चालतो, जोर जास्त लावला की त्याहून कमी.

मामाच्या सेटचा जुना बॅटरीचा डबा सहा पेन्सिल सेलवर चालायचा, सेल आत तसेच विसरलेले, हिरवट पांढरी पापडी धरली होती. व्हिनेगर आणि जुना टूथब्रश. मोटर सुरू झाली, आवाज तोच, मला अंगावर काटा आला. एक टीप, चार्जिंगचे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात म्हणून सहा मिळून ७.२ होतात, साधे अल्कलाईन घातले की ९, तेवढा फरक चालण्यात कळतो.

घ्यावा का? शोकेससाठी घेणार असाल तर नको, धूळ पुसून वैतागाल, आणि मुंबईत ती थांबत नाही. उकलायची तयारी असेल तर घ्या, वरून सुटे गिअर आणि दोन लांब दांडे जास्तीचे मागवा.

सध्या पुढचा एक्सल टेबलावर उघडा आहे. पुढच्या चाकांनाही मोटर द्यायचीय, पण ८ दातांचा दुसरा गिअर सापडत नाहीये. वॉशिंग मशीनखाली गेला असं पोराचं म्हणणं आहे.